दाबलेला प्रकाश



आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत एक लहानसा लेसर आहे. त्याचा तांबडा किरण समोरच्या भिंतीवर पडला, की पहिल्या वर्षाची मुले अजूनही हरखून जातात. एकदा तो किरण मी प्रकाशाचे विजेत रूपांतर करणाऱ्या एका छोट्या डायोडवर सोडला आणि त्या विजेचा आलेख ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर दाखवू लागलो. किरणाची तीव्रता कायम होती, त्यामुळे पडद्यावर एक सरळ आडवी रेघ उमटली. "पाहा, लेसरचा प्रकाश किती शिस्तीचा असतो!" मी म्हणालो.

मागे उभ्या असलेल्या एका मुलीने विचारले, "पण सर, रेघ तर जाड दिसते, आणि तिच्या कडा थरथरतात. असे का?"

"आपले उपकरण जुने आहे, त्याची ती थरथर."

"मग चांगले उपकरण आणले, तर रेघ केसासारखी बारीक होईल? आणि त्याहून चांगले आणले, तर त्याहूनही बारीक?"

"होईल की," मी म्हणालो आणि पुढच्या प्रयोगाकडे वळलो.

घरी जाताना लक्षात आले, की मी तिला अर्धेच उत्तर दिले होते. आमच्या रेघेची जाडी मुख्यतः उपकरणाचीच होती, हे खरे. पण जगातले सर्वांत चांगले उपकरण आणले, तरी ती रेघ एका मर्यादेपलीकडे बारीक होत नाही. ती उरलेली थरथर उपकरणाची नसून खुद्द प्रकाशाची असते. आणि गंमत अशी, की शास्त्रज्ञांनी या थरथरीवरही एक युक्ती शोधून काढली आहे. त्या मुलीला द्यायचे राहिलेले अर्धे उत्तर आज सविस्तर सांगतो.

पत्र्यावरचा पाऊस

पावसाळ्यात पत्र्याच्या छपराखाली बसून पावसाचा आवाज तुम्ही ऐकला असेल. पाऊस एकसारखा पडत असला, तरी आवाज मात्र सलग नसतो. तडतड, तडतड असा तो येतो. कारण पाऊस थेंबाथेंबाने पडतो, आणि कोणता थेंब कोणत्या क्षणी पडायचा याचे वेळापत्रक नसते. एका सेकंदात शंभर थेंब पडले, तर पुढच्या सेकंदात एकशेआठ पडतील, त्यापुढच्या सेकंदात ब्याण्णव.

हा चढउतार किती असतो, ते घरी करून पाहता येते. बुद्धिबळाचा पट जमिनीवर ठेवा आणि थोड्या उंचीवरून तांदळाचे दाणे त्यावर सगळीकडे सारखेच पडतील असे भुरभुरा. मग प्रत्येक घरातले दाणे मोजा. एकूण दाण्यांना ६४ ने भागले, की सरासरी मिळेल. समजा ती ९ आली. प्रत्येक घरात नेमके ९ दाणे मुळीच सापडणार नाहीत. पण बहुतेक घरांत ६ ते १२ दाणे, म्हणजे ९ हून तीन कमी ते तीन जास्त इतके सापडतील. आणि ३ हे ९ चे वर्गमूळ आहे! स्वैरपणे पडणाऱ्या वस्तूंचा हा नियम आहे. सरासरी १०० असेल, तर चढउतार सुमारे १० चा. सरासरी १०,००० असेल, तर चढउतार १०० चा. म्हणजे संख्या वाढली की चढउतारही वाढतो, पण संख्येच्या मानाने तो कमी कमी होत जातो. १०० मध्ये १० म्हणजे १० टक्के, तर १०,००० मध्ये १०० म्हणजे फक्त १ टक्का.

प्रकाशही असाच थेंबाथेंबाने येतो. त्याच्या थेंबांना फोटॉन म्हणतात. एक मिलिवॅटच्या तांबड्या लेसर-किरणातून दर सेकंदाला सुमारे ३ वर १५ शून्ये इतके फोटॉन बाहेर पडतात. या संख्येचे वर्गमूळ साडेपाच कोटींच्या आसपास येते. म्हणजे लेसर कितीही उत्तम असला, तरी सेकंदासेकंदाला मोजलेली त्याची तीव्रता साडेपाच कोटींत एक भाग इतकी तरी मागेपुढे होणारच. हीच प्रकाशाची तडतड. रेडिओवर केंद्र नीट लागले नाही, तर जी खरखर ऐकू येते, तिच्यासारखीच ही प्रकाशाची खरखर आहे.

झोका आणि त्याचा डाग

प्रकाश जसा फोटॉनांचा पाऊस आहे, तशीच ती विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांची लहरही आहे. लहरीच्या भाषेत ही खरखर कशी दिसते?

अंगणातला झोका डोळ्यांसमोर आणा. या क्षणी झोक्याची स्थिती काय आहे, हे सांगायला दोन आकडे लागतात. तो मधल्या जागेपासून किती दूर आहे हा एक, आणि किती वेगाने चालला आहे हा दुसरा. प्रकाशलहरीतील विद्युतक्षेत्रही असेच झुलत असते आणि त्याचेही वर्णन दोन आकड्यांनी होते. एक आलेख कागद घ्या. पहिला आकडा आडव्या अक्षावर आणि दुसरा उभ्या अक्षावर मांडा. जो बिंदू मिळेल त्याचे आरंभबिंदूपासूनचे अंतर म्हणजे लहरीचा आयाम, आणि तो बिंदू ज्या दिशेला आहे ती दिशा म्हणजे लहरीची कला. झोका मोठा असेल तर बिंदू दूर पडेल, लहान असेल तर जवळ.

जुन्या भौतिकशास्त्राप्रमाणे हा बिंदू टोकदार पेन्सिलीने काढता यायला हवा. पण १९२७ साली हायझेनबर्ग यांनी अनिश्चिततेचे तत्त्व मांडले. या तत्त्वानुसार हे दोन्ही आकडे एकाच वेळी हवे तितके अचूक असूच शकत नाहीत. कागदावर बिंदूऐवजी एक डाग काढावा लागतो. टीपकागदावर शाईचा थेंब पसरावा, तसा. या डागाचे क्षेत्रफळ एका ठरावीक मर्यादेखाली जात नाही. माणसाचे कौशल्य कमी पडते म्हणून हे घडत नाही; निसर्गाची घडणच तशी आहे.

आता दिवा पूर्णपणे विझवा. प्रकाश नाही, फोटॉन नाहीत. बिंदू आरंभबिंदूवर आला. पण डाग? तो तिथेही असतोच! काळोख्या, निर्वात पोकळीतही विद्युतक्षेत्र पूर्ण शून्यावर स्थिर राहत नाही. ते शून्याच्या आसपास किंचित थरथरत राहते. याला निर्वाताची थरथर म्हणू या. पुढे हिला फार महत्त्व येणार आहे.

लेसरचा गोल डाग

ज्या अवस्थेत हा डाग शक्य तितका लहान आणि सर्व बाजूंनी सारखा, म्हणजे गोल असतो, तिला 'कलासंबद्ध अवस्था' म्हणतात. झोक्यासारख्या आंदोलकासाठी अशा अवस्थेचे गणित श्रोडिंजर यांनी १९२६ सालीच मांडले होते. तो डाग न पसरता, न फाटता, लंबकासारखा झुलत राहतो असे त्यांना आढळले. पण प्रकाशाच्या बाबतीत या कल्पनेचे महत्त्व कळले ते १९६० साली लेसरचा शोध लागल्यानंतर. १९६३ साली अमेरिकेत रॉय ग्लॉबर आणि आपले ई. सी. जी. सुदर्शन या दोघांनी प्रकाशाच्या पुंज सिद्धांताचा पाया घातला. सुदर्शन मूळचे केरळचे. १९५० नंतरच्या दशकात काही वर्षे त्यांनी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केले होते. ग्लॉबर यांना २००५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यात सुदर्शन यांचाही वाटा असायला हवा होता, असे अनेक भौतिकशास्त्रज्ञांना वाटले.

उत्तम लेसरचा प्रकाश या कलासंबद्ध अवस्थेच्या अगदी जवळ असतो. येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. लेसर कितीही प्रखर असला, तरी त्याचा डाग निर्वाताच्या डागाएवढाच असतो. फक्त तो आरंभबिंदूपासून दूर सरकलेला असतो. म्हणजे लेसरची खरखर ही निर्वाताचीच थरथर आहे! प्रकाश प्रखर केला तर डाग आणखी दूर जातो आणि अंतराच्या मानाने लहान दिसू लागतो, इतकेच. तांदळाच्या दाण्यांचा वर्गमूळाचा नियम आपल्याला येथे दुसऱ्या वाटेने भेटतो.

मग खरखर कमी करायची कशी? कितीही लेसर-किरण एकमेकांत मिसळा, डाग झाला तर मोठाच होईल. लहान होणार नाही.

कणकेचा गोळा

आईने मळलेल्या कणकेचा एक गोळा घ्या आणि दोन तळहातांमध्ये दाबा. गोळ्याची जाडी कमी होईल, पण कणीक बाजूने पसरेल. कणीक तेवढीच राहिली, बदलला तो फक्त आकार.

निसर्गाचा नियमही डागाच्या क्षेत्रफळावर बंधन घालतो, आकारावर नाही. डाग गोलच असला पाहिजे, असे हायझेनबर्ग यांनी कुठेही म्हटलेले नाही! तेव्हा गोल डाग एका दिशेने दाबून लंबगोल करता येईल. रुंदी निम्मी केली, तर लांबी दुप्पट होईल आणि क्षेत्रफळ कायम राहील. दोन आकड्यांपैकी ज्याची आपल्याला गरज आहे, तो जास्त अचूक होईल. ज्याची गरज नाही, तो जास्त अनिश्चित होईल. होईना का! अशा प्रकाशाला इंग्रजीत 'स्क्वीझ्ड लाइट' म्हणतात. आपण त्याला 'दाबलेला प्रकाश' म्हणू.

कल्पना तर सोपी आहे. पण प्रकाशाला दाबायला तळहात कुठून आणायचे?

नागपंचमीचा झोका

उत्तर नागपंचमीच्या झोक्यात सापडते. झाडाला बांधलेल्या झोक्यावर उभे राहून झोका चढवताना मुली काय करतात, ते आठवा. झोका दोन्ही टोकांना असताना गुडघे वाकवायचे आणि मधून जाताना ताठ उभे राहायचे. झोक्याची एक पूर्ण फेरी होते, तेवढ्यात हे उठणे-बसणे दोनदा होते. म्हणजे झोक्याच्या दुप्पट वारंवारतेने केलेली ही हालचाल झोका चढवते. पण ताल चुकला, मधे गुडघे वाकवले आणि टोकांना ताठ झाले, तर तीच हालचाल झोका मंदावते. तालात असेल ते वाढते, त्याच्यापासून पाव फेरी मागे-पुढे असेल ते घटते. दाबण्याचे सारे रहस्य यातच आहे.

काही स्फटिक असे असतात, की त्यांतून हिरवा लेसर-किरण गेला की तो स्फटिक या उठण्या-बसण्याचे काम करू लागतो. गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळांत ५३२ नॅनोमीटर तरंगलांबीचा हिरवा प्रकाश वापरतात. १०६४ नॅनोमीटरच्या अवरक्त प्रकाशाच्या तो बरोबर दुप्पट वारंवारतेचा असतो. अवरक्त लहरीचा जो भाग हिरव्या प्रकाशाच्या तालात असेल तो वाढतो, दुसरा घटतो. स्फटिकात अवरक्त प्रकाश मुळीच सोडला नाही, तरी निर्वाताची थरथर तर तिथे असतेच. तिचाही एक भाग वाढतो आणि दुसरा दबतो. बाहेर पडतो तो 'दाबलेला निर्वात'. फोटॉनांच्या भाषेत सांगायचे, तर हिरव्या प्रकाशाचा एकेक फोटॉन फुटून अवरक्त फोटॉनांची जोडी जन्माला येते आणि ही जुळी भावंडे एकमेकांचा ताल सांभाळून चालतात.

१९८५ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत स्लशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोडियमच्या अणूंचा उपयोग करून पहिल्यांदा प्रकाश दाबून दाखवला. खरखर निर्वाताच्या पातळीपेक्षा अवघी ७ टक्के खाली आली होती! पण जी पातळी अभेद्य वाटत होती, तिच्याखाली जाता येते हे सिद्ध झाले. पुढच्याच वर्षी टेक्सास विद्यापीठात किंबल यांच्या गटाने स्फटिकाच्या पद्धतीने ती निम्म्याहून कमी केली. २०१६ साली जर्मनीतील हॅनोव्हर येथे ती सुमारे बत्तिसाव्या भागापर्यंत उतरवली गेली.

विश्वाची चाहूल ऐकण्यासाठी

एवढा खटाटोप कशासाठी? याचे उत्तर आकाशात आहे.

१४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील 'लायगो' या जोडवेधशाळांनी प्रथमच गुरुत्वीय लहर टिपली. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षे दूर दोन कृष्णविवरे एकमेकांत विलीन झाली होती. त्यामुळे अवकाशालाच जी थरथर सुटली, ती पृथ्वीपर्यंत पोचली. लायगोच्या प्रत्येक वेधशाळेला काटकोनात ४ किलोमीटर लांबीच्या दोन भुजा आहेत. लेसरचा किरण दुभंगून दोन्ही भुजांत जातो, टोकांच्या आरशांवरून परततो, आणि दोन्ही किरण परत भेटतात. एकाच्या उंचवट्यावर दुसऱ्याचा खोलगटपणा येईल अशी रचना केलेली असल्याने बाहेरच्या दारावर जवळजवळ अंधार असतो. गुरुत्वीय लहर आली, की एक भुजा किंचित लांब आणि दुसरी किंचित आखूड होते, जुळणी बिघडते आणि दारावर प्रकाश झिरपतो. २०१५ च्या त्या लहरीने ४ किलोमीटरमध्ये जास्तीत जास्त किती फरक पाडला असेल? प्रोटॉनच्या व्यासाचा सुमारे चारशेवा भाग!

इतक्या बारीक मापनात प्रकाशाची खरखर फार मोठा अडथळा ठरते. ही खरखर नेमकी येते कुठून, हे १९८१ साली कार्लटन केव्ह्ज या शास्त्रज्ञाने दाखवून दिले. आपल्याला वाटेल, ती लेसरमधून येत असावी. पण केव्ह्ज यांचे गणित सांगत होते, की ती त्या अंधाऱ्या दारातून येते! त्या दारातून प्रकाश आत शिरत नाही, पण निर्वाताची थरथर शिरते आणि भुजांमधून फिरून प्रकाशाबरोबर बाहेर पडते. मग उपायही सरळ झाला. त्याच दारातून साध्या निर्वाताऐवजी दाबलेला निर्वात आत सोडायचा. पाहा, पहिल्यांदा प्रकाश दाबला जाण्यापूर्वी चार वर्षे त्याचा उपयोग ठरलेला होता!

ही सूचना अमलात यायला मात्र तीस वर्षे लागली. कारण दाबलेला प्रकाश फार नाजूक असतो. वाटेत एखादा आरसा जरा मळका असला, काही फोटॉन वाया गेले, की जुळ्यांच्या जोड्या फुटतात. गेलेल्या फोटॉनांची जागा साध्या निर्वाताची थरथर घेते आणि डाग पुन्हा गोल होऊ लागतो. जर्मनीतील 'जीईओ ६००' या वेधशाळेत २०१० पासून ही पद्धत वापरात आली. लायगोत ती एप्रिल २०१९ पासून नियमित सुरू झाली. तेथे खरखरीची शक्ती जास्तीत जास्त निम्मी झाली. लेसर दुप्पट प्रखर केल्याने जे साधले असते, ते लेसरला हात न लावता साधले.

याचा फायदा किती? समजा वेधशाळेला १४ टक्के अधिक दूरचे ऐकू येऊ लागले. पण ऐकू येते ते सर्व दिशांनी. म्हणून आकाशाचे घनफळ १.१४ × १.१४ × १.१४, म्हणजे सुमारे १.४८ पट झाले. प्रत्यक्षात लायगोत घटना सापडण्याचे प्रमाण ४० ते ५० टक्क्यांनी वाढू शकेल इतकी सुधारणा झाली.

कणीक बाजूने येतेच

पण निसर्ग आपले देणे सोडत नाही. डागाची एक बाजू दाबली, की दुसरी फुगते. फुगलेल्या बाजूमुळे आरशांवर पडणाऱ्या प्रकाशाचा दाब कमी-जास्त होऊ लागतो आणि आरसे हलतात. लायगोचा एकेक आरसा ४० किलोग्रॅम वजनाचा आहे. फोटॉनांच्या पावसाने एवढा जड आरसाही थरथरतो, हे २०२० साली लायगोतच मोजून दाखवण्यात आले. या संशोधनात ज्यांचा मोठा वाटा आहे, त्या नर्गिस मावालवाला यांचे बालपण कराचीत गेले. पुढे अमेरिकेत जाऊन त्यांनी आपले आयुष्य या कामाला वाहिले.

आरशांची ही थरथर मंद लहरी ऐकताना त्रास देते. जलद लहरींच्या वेळी तडतडीचा त्रास अधिक. तेव्हा जलद लहरींसाठी डाग एका दिशेने दाबायचा आणि मंद लहरींसाठी दुसऱ्या दिशेने! यासाठी ३०० मीटर लांबीच्या नळीत समोरासमोर आरसे बसवून दाबलेला प्रकाश त्यांतून खेळवतात. त्याने वेगवेगळ्या वारंवारतांना डाग हवा तसा फिरतो. २०२३ साली सुरू झालेल्या निरीक्षण-सत्रापासून लायगोत ही सोय आहे.

औंढ्याचे निमंत्रण

आपल्या महाराष्ट्रात हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथजवळ लायगोसारखीच वेधशाळा उभी राहायची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी २६०० कोटी रुपये मंजूर केले. ती सुरू व्हायला अजून काही वर्षे लागतील. तोवर आज शाळेत असलेली मुले पदवीधर झालेली असतील. औंढ्याचे नागनाथाचे देऊळ पाहायला दूरदूरहून लोक येतात. उद्या तिथल्याच माळावर ४ किलोमीटरच्या दोन भुजा पसरलेल्या दिसतील. त्या भुजांमधून धावणारा प्रकाश सांभाळायला, आरसे स्वच्छ ठेवायला, डाग नीट दाबला जातो आहे ना हे पाहायला माणसे लागतील.

रेघेची जाडी विचारणारी ती मुलगी हिंगोली जिल्ह्यातलीच होती. पुढच्या तासाला मी वर्गाला माझी चूक सांगितली आणि तिच्या प्रश्नाचे उरलेले उत्तर दिले: "उपकरण सुधारले, की रेघ बारीक होते. पण शेवटी एक थरथर उरते, ती पुसता येत नाही. ती फक्त एका बाजूने दाबून दुसऱ्या बाजूला सरकवता येते."

तिने क्षणभर विचार केला आणि विचारले, "म्हणजे सर, आपल्याला कोणती बाजू नको आहे, हे आधी ठरवावे लागते?"

अगदी बरोबर! या वेळी मात्र मी घाईने पुढच्या प्रयोगाकडे वळलो नाही.